तीन फळ्यांचं झाकण

३ नोव्हेंबर
पोचले. बोचकं खाली ठेवायच्या आतच आजी म्हणाल्या, वकील म्हणाला होता बाई पाठवतो, पाठवली शाळकरी पोर. मग स्वतःच हसल्या. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या, तरी या घरात त्याच उंच वाटतात. माझ्या खोलीतून खाडी दिसते आणि खाडीपलीकडे बर्फाचे डोंगर. जेवायला भात, मुळ्याचं लोणचं आणि भाजलेला मासा होता. मला इथे आवडेल असं वाटतंय.

काम असं: आजींचं सगळं करायचं, आणि त्यांना काय काय आठवतं ते रोज लिहायचं. त्यांची सून नात्सुए गेल्या वर्षी न्हाणीतल्या टबात गेली. आजींच्या मुलानं, तेत्सुरोनं, बुडाली म्हणून कळवलं. डॉक्टरांनीही तेच लिहिलं. पुढे तिच्या खांद्यांवर वळ सापडले आणि खालच्या कोर्टानं तेत्सुरोला खुनाची शिक्षा दिली. आता अपील आहे. तो तेव्हा जाळ्यांच्या शेडमध्ये होता, असं आजी सांगणार आहेत. त्यांची आठवण पक्की आहे हे माझ्या लिहिण्यावरून दिसायला हवं.

मी मोठी होईपर्यंत घरीच, बाबांपाशी शिकले. त्यांचे नियम दोनच. पाहिलं तेवढंच लिही. वाक्य अर्धं सोडू नकोस.

६ नोव्हेंबर
आंघोळ आधी आजींची, मग त्याच पाण्यात माझी. मध्ये टबावर तीन फळ्या टाकायच्या, नाहीतर पाणी निवतं. मी न्हाणीतून बाहेर पडले की आजी खोलीतून विचारतात, झाकलंस का? नात्सुए कधी विसरायची नाही म्हणे. एवढं एकच तिला नीट यायचं.

आजींना तेत्सुरोच्या पहिल्या होडीचा रंगसुद्धा आठवतो. लिहिलं.

मासळीवाल्या बाईनं विचारलं, त्या घरात आंघोळ करतेस, की तशीच राहतेस? बाजूच्या बायका हसल्या. मीही हसले. घरी येईपर्यंत ते हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पुसायला कोणी नव्हतं.

१० नोव्हेंबर
कुराते वकिलांनी फोनवर खटला समजावला. तेत्सुरोनं कोर्टात सांगितलं होतं, मी न्हाणीत गेलो तेव्हा तिन्ही फळ्या टाकलेल्या होत्या. तिथेच त्याचा खटला बुडाला. टबात मेलेली बाई स्वतःवर झाकण कसं घालील? आजींना पाऊल टाकता येत नाही, आणि घरात चौथं कोणी नव्हतं. आईबद्दल विचारलं की तेत्सुरो गप्प बसतो.

त्या संध्याकाळी नात्सुए पावसात चिंब होऊन आली होती आणि आजींच्या आधी टबात उतरली होती. एरवी ती शेवटी जायची, माझ्यासारखी.

१४ नोव्हेंबर
बंदरावरून येताना गारा लागल्या, कडकडाट होत होता. दात वाजत होते. आजी खुर्चीत झोपल्या होत्या. मी आधी आंघोळीला गेले. चुकलंच माझं.

टबात डोळे मिटून बसले होते. पायांवर सावली आली. डोळे उघडले तर दोन फळ्या टाकलेल्या होत्या आणि दार उघडं होतं. मी आत असताना.

बाहेर आले तेव्हा आजी खुर्चीतच होत्या. विचारलं, झाकलंस का?

त्यांच्या किमोनोच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. हे मी पाहिलं.

१५ नोव्हेंबर
वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, मिनोरीसान, तुम्ही त्यांना चालताना पाहिलंत का? मी म्हटलं, डोळे मिटले होते.  ते म्हणाले, बाही कशानंही भिजते. पाहिलं असतंत तर तेत्सुरो घरी... आणि वाक्य तिथेच सोडलं.

खोटं सांगितलं असतं तर तो सुटला असता. सांगता आलं नाही.

मासळीवालीशी बोलावंसं वाटलं. दुकान बंद होतं.

१६ नोव्हेंबर
आजी लोणच्याचे मुळे सोलत होत्या. मी काही विचारलं नव्हतं. म्हणाल्या, सून पहिली पाण्यात जाते, असं या घरात कधी झालं नव्हतं. उठ म्हटलं तर उठेना. मग बसवली नीट. पाणी निवत होतं, म्हणून झाकलं. तेत्सुरो सुटणारच, मी सांगणार आहे ना, तो शेडमध्ये होता म्हणून.

मुळ्याची साल कुठेही न तुटता उतरली.

ऐकलं. पाहिलं नाही.

१७ नोव्हेंबर
उद्या सुनावणी. बर्फानं रस्ता बंद. फोन लागत नाही.

त्या चालतात हे कोणीतरी पाहायला हवं. माझ्याशिवाय इथे कोण आहे?

आज मुद्दाम आजींच्या आधी आंघोळीला आले. त्यांना सांगून.  टबात बसले आहे, एक फळी आडवी टाकून तिच्यावरच लिहिते आहे. डोळे उघडे.

खुर्ची करकरली.

पावलं. हळू, पण पावलंच—

दार. आजी उभ्या आहेत. काही न धरता. पाहिलं. बाबा, मी पाहिलं—

बाह्या वर करताहेत. पाणी निवतंय पोरी, म्हणतात. दुसरी फळी पायांवर—

उठायला हवं, पण एवढं वाक्य पुरं करते: तेत्सुरोनं काही केलं नाही, नात्सुएला आजींनीच दोन्ही हातांनी खांद्यां