वेल्डिंग करणारा रोबो

मंगळवार, संध्याकाळ. अवधपुरी.

बाबा ड्यूटीवरून आले आणि पहिल्यांदाच माझ्यामागे उभे राहून मी खेळत होतो तो गेम बघू लागले. रोबो अंतराळयानाला वेल्डिंग करत होता. निळी ठिणगी, सरळ रेघ. बाबांचं आयुष्य कारखान्यात वेल्डिंगमध्येच गेलं.

"याचा हेल्पर कुठाय?"

"हेल्पर नसतो, बाबा."

"चहालाही जात नाही?"

मी हसलो. ते नाही हसले. "आमच्या वेल्डिंग शॉपमध्ये असाच एक रोबोचा हात आलाय. अजून पेटीत आहे."

मग पुन्हा त्या निळ्या ठिणगीकडेच बघत राहिले.

वेल्डर अप्रेंटिसचा माझा फॉर्म टेबलावर आहे. एकही खाडाखोड नाही. तो भर म्हणून महिनाभर तेच मागे लागले होते. आता आत जाताना म्हणाले, "फॉर्मची घाई करू नकोस."

उद्या शेवटची तारीख आहे, हे त्यांनीच सांगितलं होतं.