शिफ्ट ताब्यात घेताना

अण्णा, 'टेक ओव्हर' म्हणजे काय, असं मी तुम्हाला स्वयंपाकघरात विचारलं होतं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून शिफ्ट करून आला होतात. भाकरी मोडत म्हणालात, "पुढचा माणूस 'घेतलं' म्हणेपर्यंत आपण जागा सोडायची नाही, एवढंच." तुमच्यानंतर येणारा आधी पंपाभोवती फिरायचा, हात लावायचा, आवाज ऐकायचा, तोवर तुम्ही गप्प. आई वैतागायची, "बस निघून जाते, पण यांचं तोंड काही उघडत नाही!" तुम्ही हसायचात. "अगं, मी सांगितलं तर तो माझ्याच कानांनी ऐकेल."

पुढे सिन्नरला मी वर्कशॉप टाकलं आणि या शब्दाचे बाकीचे अर्थ धंद्यातच कळले. मोठी कंपनी छोटीला गिळते, तेही टेक ओव्हरच. एक सूटवाले साहेब आले होते. "काका, टेक ओव्हरचं काही डोक्यात आहे का?" म्हटलं, "आहे की, आधी मशिनींभोवती एक फेरी मारा." त्यांनी ऑइल सांडलेली फरशी पाहिली, मग स्वतःचे बूट पाहिले, आणि चहा पिऊन गेले.

भीतीही माणसाला टेक ओव्हर करते, हे मात्र यंदा कळलं. तुमची नात वर्कशॉपमध्ये यायला लागली, आणि तिचं काही चुकेल या धास्तीने मी सारखा तिच्या मागे. त्यातच तिला पुण्याची चांगली नोकरी चालून आली. ती म्हणाली, "पप्पा, मला वर्कशॉपच चालवायचंय. पण सारखं मागे येऊन उभे राहणार असाल, तर मी पुण्याला चालले."

परवा सकाळची गोष्ट. ती फेरीला निघते. जुन्या लेथच्या बेअरिंगचा आवाज बदललाय, मला दारातूनच कळलंय. ती लेथ ओलांडून पुढे जाते. मिस्त्री माझ्याकडे बघतात, मी छताकडे. जीभ नुसती वळवळतेय. ती टोकापर्यंत जाते, थांबते, मागे येते, लेथवर तळवा ठेवते.

"मिस्त्रीकाका, हे आज बंद. उघडून बघू."

"साहेबांना विचारू का?"

"कशाला? मी घेतलंय ना. पप्पा, तुम्ही निघा आता."

निघालो, अण्णा. हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणून लिहून टाकतो: गाडीची किल्ली आत टेबलावरच राहिली होती. आणायला गेलो असतो, तर तिला वाटलं असतं, आले परत. तसाच माणसं कोंबलेल्या वडापच्या जीपमध्ये गुडघे दुमडून नाशिकला आलो. घरी सांगितलंय, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय.