बाई, ती वाइन ठेवण्यासारखी होती

बाई,

आज वाइनरीत, कामावर, एका कोवळ्या लाल वाइनचा घोट तोंडात फिरवला आणि तुमचं परभणीतलं दोन खोल्यांचं घर आठवलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन गावोगाव दंगल पेटली होती. कॉलेज बंद, होस्टेल रिकामं, आमच्या पेडगावकडची एसटी बंद, मी अडकले. तुम्ही मला घरी घेऊन आलात. सोबत रिक्षात, शालीत गुंडाळून, प्रयोगशाळेतली मोठी काचेची बरणीही आणलीत. उन्हाळ्यात तुम्ही वर्गात शिकवलंत तशी आम्ही पोरांनी काळी द्राक्षं चुरून सालीसकट आंबवली होती, ती वाइन. मागे कोण बघणार तिच्याकडे, म्हणालात.

तुम्ही बौद्ध, मी मराठ्याची. मी तुमच्या ताटात जेवत होते, आणि तुमच्या भावाचं गावाकडचं घर जाळल्याची खबर आली. माणसं वाचली होती. तुम्ही रडला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालात, चल, गाळ खाली बसलाय, वरचं काढून घेऊ. अजून दिसतंय मला: फळीवर बरणी, खाली पातेलं, मधे रबरी नळी, खिडकी बंद. पेल्यात घोटभर ओतून तुम्ही मला देता. मी घाबरते, दारूच ती, घरी कळलं तर? गिळायचं नाही, तोंडात फिरवून मोरीत थुंकायचं, एवढंच तुम्ही सांगता.

कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ ओढली गेली. लय तुरट हाय, मी म्हणाले, आणि खबर आल्यापासून तुम्ही पहिल्यांदा हसलात.

“तुरट हाय म्हणूनच टिकेल. आत्ताच गोडगोड लागली असती तर वर्षभरात मेली असती. आता मागून काय येतंय ते सांग.”

मी डोळे मिटले. आधी पिकलं जांभूळ आलं, मग अगदी शेवटी लवंग. तुम्ही घोट घेतलात, तोंडात फिरवून मोरीत थुंकलात. लवंग तुम्हालाही सापडली. तीन-चार वर्षं ठेवण्यासारखी हाय, म्हणालात, आणि आपण बाटल्या भरून बुचं ठोकली.

दुपारी माझे वडील सायकल मारत आले; आम्ही त्यांना दादा म्हणायचो. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. घर कुणाचं, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या गावात पाणवठेसुद्धा वेगळे. मी पाणी आणायला वळले तर तुम्ही मला थांबवलंत आणि स्वतः तांब्या घेऊन गेलात. दादांनी तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग घेतला, आणि तिथंच सगळा रिकामा केला.

“पोरीला न्यायला आलोय,” ते म्हणाले. “आता शिक्षण बास.”

तुम्ही वाद घातला नाहीत. “हिच्यासारखी जीभ मला अजून कुणाचीच दिसली न्हाई. कॉलेज उघडलं की धाडा.”

जीभ म्हणजे स्वयंपाकाची का, त्यांनी विचारलं. तसंच समजा, म्हणालात.

वाटेत मी दादांना तुमच्या भावाच्या घराचं सांगितलं. ते सायकलवरून उतरले, ती हातात धरून कितीतरी वेळ चालत राहिले.

“तरी पाणी दिलं,” एवढंच म्हणाले.

कॉलेज उघडलं तेव्हा मला सोडायला तेच आले.

हे पत्र धाडायचं तरी कुठं? तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. हाताखालच्या पोरी विचारतात, कोणती वाइन ठेवायची हे कसं ओळखता, तेव्हा मी तुमचंच वाक्य सांगते. पण खरं सांगू, बाई? तुमचा शब्द न् शब्द आठवतो, आवाज मात्र आठवत नाही. कितीही कान दिला तरी माझाच ऐकू येतो.