दुधी काचांची गाडी

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबा,

काल मामाचं बारावं झालं. आज सकाळी गावाहून निघाले आणि दिवेलागणीला दहिसरला घरी पोचले. महाडच्या अलीकडे जेवायला थांबले, बाकी कुठे नाही. बॅग दाराशी ठेवली, हातपाय धुतले आणि लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा फोटोतला चेहरा लगेच आठवतो, बोलतानाचा मुद्दाम आठवावा लागतो. तरी आज तुमच्याशीच बोलायचं आहे. जे विचारायचं आहे ते दुसऱ्या कोणाला विचारता येण्यासारखं नाही.

कुर्ल्याच्या वर्कशॉपात तुम्ही बसच्या बॉड्या बांधायचात. कुठल्याशा ट्रस्टचा फिरता दवाखाना मोडीत निघाला आणि तो तुमच्या हाती लागला. तुम्ही त्याचं घर करायचं ठरवलंत. तुमच्या कामात आधी जमिनीवर खडूने पूर्ण मापाचं चित्र काढायची पद्धत होती, तसं तुम्ही ते आपल्या चाळीच्या गॅलरीत काढलंत. इथे बाक, इथे स्टोव्ह, इथे पाण्याची टाकी. दोन दिवस सगळी चाळ त्या रेघा ओलांडून नळावर जात होती. मग तुम्ही आईला हाक मारलीत, "ये, आडवी हो बघू. बाकाचं माप घेऊ दे." ती पदर गुंडाळून, डोळे मिटून, चारचौघांत त्या खडूच्या चौकटीत निजली. शेजारच्या काकू ओरडल्या, "अहो, काय हे? बिचारीला आत्ताच तिरडीवर घालताय होय!" सगळे हसले. आईही हसली. तुम्ही हसला नाहीत, तुम्ही माप घेत होतात.

गाडी सुरेख झाली होती, हे मी नाकारत नाही. तुमच्या शर्टाला खुंटी होती, ट्रान्झिस्टरला कप्पा होता, दाढीच्या आरशाला बिजागरी होती. आईला आडोशाला बसून अंघोळ करायला मात्र वीतभर जागा नव्हती. खिडक्यांच्या काचा दवाखान्याच्या होत्या, दुधी. त्या तुम्ही बदलल्या नाहीत. "बाहेरच्याला आतलं दिसत नाही, बरं आहे की," म्हणालात. आतल्यालाही बाहेरचं दिसत नाही, हे तुम्हाला सांगायचं कोणी? तुम्ही पुढे बसणार होतात.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात आपण निघालो. मी तेव्हा टेलिफोनच्या ऑफिसात लागले होते आणि सगळी रजा तुमच्या या हौसेपायी टाकली होती. गोव्यापर्यंत जायचं, लॉजचं तोंड बघायचं नाही, हा तुमचा पण. कधी देवळाच्या आवारात मुक्काम, कधी शाळेच्या पटांगणावर, एकदा एका राईस मिलच्या खळ्यात. तुम्ही उतरून गावातल्या कोणाची तरी परवानगी काढायचात, आणि परत येईपर्यंत गाडीभोवती बायका जमलेल्या असायच्या. रंगाखालून लाल फुली दिसत होती ना अजून. राजापूरजवळ एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन आली. "डॉक्टर कधी बसतले?" तुम्ही म्हणालात, "डॉक्टर मेले." ती म्हणाली, "मग तुमी सुई टोचा. तुमचो हात बरो दिसता." आई पोटभर हसली त्या दिवशी. मग तिने त्या मुलाला साखर दिली आणि म्हातारीचा गुडघा तेल लावून चोळून दिला. काळोख असताना उठून, तांब्या घेऊन, माझ्या सोबतीने ती झाडीत जायची. उजाडायच्या आत विहिरीवर लुगड्यासकट अंग भिजवून यायची. मुंबईला परत आल्यावर तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, काही गैरसोय झाली नाही.

ती या प्रवासाला का तयार झाली ते तुम्हाला ठाऊक होतं. तिचं माहेर कणकवलीच्या पुढे, हायवेच्या फाट्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आजी तेव्हा हयात होती आणि तिला दिसेनासं झालं होतं. पण मावशीच्या लग्नात तुम्ही थोरले जावई असून तुम्हाला दुसऱ्या पंगतीला बसवलं, आणि त्या एका पानावरून तुम्ही आईचं माहेर बंद केलंत. मुंबईहून गाडी उशिरा पोचली होती, पहिली पंगत उठत होती, हे मामाने शंभरदा सांगितलं. तुमचं एकच. "तुझा भाऊ मुराळी होऊन येऊ दे. हात जोडून घेऊन जाऊ दे. मग बघू." निघण्याआधी आईने पुन्हा विचारलं तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात. वर म्हणालात, "तुझं माहेर काय काशी लागून गेलंय?"

'मग बघू' म्हणजे हो, असं तिने धरलं. तिने काय केलं ते तुम्हाला कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. चाळीतले एक गाववाले आपल्या आधी गावी निघाले होते, त्यांच्याकडे तिने निरोप दिला. मामाने फाट्यावर येऊन उभं राहायचं. राजापूरच्या पुढे त्या शाळेच्या पटांगणावर तिने सकाळी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं आणि मला हळूच म्हणाली, "मामा येणार आहे फाट्यावर. बाबांना बोलू नको. तो आपणहून आलाय असंच वाटलं पाहिजे त्यांना, नाहीतर तो मान कसला?" तुमचा मान तिने असा जपला होता, बाबा. स्वतःच्या भावाला बोलावून घेतलं, आणि बोलावल्याचं लपवलं.

आम्ही दोघी मागे होतो. ती बाकावर ताठ बसलेली, मांडीवर नारळ आणि आजीसाठी घेतलेलं लुगडं. कणकवलीचा बाजार मागे पडल्याचं आवाजावरून कळलं. त्यानंतर ती दर थोड्या वेळाने मला विचारत होती, "वळण आलं काय गं?" मला दुधी काचेतून नुसता उजेड दिसत होता आणि झाडांच्या सावल्या. मध्येच गाडी जरा हळू झाली. तिने नारळ घट्ट धरला. तुम्ही हॉर्न दिलात, लांबच लांब, आणि गाडीने पुन्हा वेग घेतला. तिने मधल्या फळीवर थाप मारून विचारलं, "काय झालं हो?"

तुम्ही म्हणालात, "म्हैस आडवी आली."

"अगं बाई, लागलं नाही ना तिला?"

"नाही. झाली बाजूला."

सावंतवाडीला जेवायला थांबलो तेव्हा तिला कळलं की फाटा केव्हाच गेला. तुम्ही हात धुवून आलात आणि कोणी न विचारता म्हणालात, "फाट्यावर कोणी नव्हतं." त्या वेळी मला यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं. मामा फाट्यावर येणार हे तुम्हाला कोणीच सांगितलेलं नव्हतं. मग कोणी नव्हतं हे सांगायची गरज काय होती?

परत येताना तुम्ही घाटावरून गाडी काढलीत, फाटा पुन्हा लागलाच नाही. आजी पुढच्या पावसाळ्यात गेली. निरोप आला तेव्हा आई गावी गेली नाही. "आता कोणासाठी जाऊ? सख्खा भाऊ फाट्यापर्यंत आला नाही," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने माहेराचं नाव काढलं नाही. दिवाळीला मामाने पाठवलेले पोहेसुद्धा ती शेजारी देऊन टाकायची. तिच्या शेवटच्या आजारपणात मामा भेटायला आला, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं. तो तासभर तिच्या पायांशी बसून निघून गेला. तुम्ही त्याला एस.टी.पर्यंत सोडायला गेलात. वाटेत काय बोललात तुम्ही दोघं?

काल जेवणं उरकल्यावर मामी माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "आता ते गेले, म्हणून सांगतंय." मामा त्या दिवशी सकाळपासून फाट्यावर उभा होता. आजीने घावन्यांचं पीठ करून ठेवलं होतं. एस.टी. मागून एस.टी. गेली. मग दवाखान्याची गाडी आली, हळू झाली. "तुज्या बापाशीन ह्येंका बघल्यान. ह्येनी दोनय हात जोडले. तेनी हॉर्न मारल्यान नि गेले. घराक येवन हे नुसते बसान ऱ्हवले."

मी विचारलं, "मग आईला सांगितलं का नाही कधी? ती मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही."

"मी सांगलंय तेंका, तिका सांगा म्हणान. तर म्हणाले, तिका कळला तर ती तेच्याबरोबर संसार कसो करतली? माज्यावर रागावली तर चलात."

हात जोडलेले तुम्ही पाहिलेत. तुमची अट पुरी झाली होती. तरी तुम्ही हॉर्न दिलात, आणि मागे हिरवं लुगडं नेसून बसलेल्या बाईला म्हैस म्हणून सांगितलंत. रागाच्या भरात गाडी पुढे नेलीत, एवढं मी समजू शकते. पण त्यानंतर तुमच्याकडे सगळी वर्षं होती. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती तेव्हाही होता की वेळ. एक वाक्य लागलं असतं. मामाने ते तुमच्यासाठी गिळलं, आणि तुम्ही त्याला गिळू दिलंत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. एक सांगायचं राहिलं. आज महाडच्या हॉटेलाबाहेर एक मोठी, भाड्याची मोटरहोम उभी होती. आत स्वयंपाकघर, संडास, सगळं. पुण्याची मुलगी आणि तिचा नवरा, गोव्याला निघालेले. मुलीने हौसेने मला आत बोलावून दाखवली. मामीचं बोलणं कानात होतं, आणि तरी मी त्या मुलीला म्हणाले, "माझ्या वडिलांनी अशी गाडी स्वतःच्या हाताने बांधली होती. याच्यापेक्षा चांगली." ती म्हणाली, "वॉव, काकू!" आणि मला बरं वाटलं.

रात्रीचं काहीतरी करायला हवं. वाटीभर तांदूळ धुवून कुकर लावते.