जन्मवेळ

ग्योतोकु, १२ जुलै १९९५

ती. बाबा,

यामिनीचा साष्टांग नमस्कार.

तुमची नात सुखरूप आली. रंग माझा, कपाळ तुमच्या उदयचं. मैत्रीण मंजुषा, जिच्याकडे मी भूकंपापासून राहते आहे, तिने डिंकाचे लाडू केलेत. हवा दमट आहे, दुपटी वाळता वाळत नाहीत.

बाळ झालं की जन्मवेळ लगेच कळव, असं तुमच्या प्रत्येक पत्रात असतं. उत्तर टाळत होते. आज लिहिते.

उदयच्या पत्रिकेत जलघात निघाला, म्हणून तुम्ही त्याला उरायासुचा कंपनीचा फ्लॅट घेऊ दिला नाहीत. समुद्र बुजवून केलेली जमीन, म्हणालात. त्याने ओसाकाला बदली मागून घेतली, कोबेत डोंगराच्या पायथ्याशी जुनं लाकडी घर घेतलं. जानेवारीच्या भूकंपात त्याच घराचं कौलारू छप्पर त्याच्या अंगावर आलं. सुट्टीला जोडून मी इकडे टोकियोजवळ मंजुषाकडे राहिले होते, म्हणून वाचले. उरायासुची ती इमारत जवळच आहे. मध्यंतरी जाऊन पाहून आले. तिला काहीही झालेलं नाही.

तुम्ही लिहिता, होणारं होतं, कुणाचा दोष नाही. बाबा, तुम्ही जन्मभर कॉलेजात ग्रीक शोकांतिका शिकवल्यात. जेवताना मला सांगायचात, "भविष्य देव सांगतात गं, पण पाऊल माणूस उचलतो. म्हणून तर रडू येतं." मग आता सगळं देवांवर ढकलू नका. मला राग येतो तो त्याचाच.

उदयचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता. मी भांडले तेव्हा म्हणाला, "अगं, बाबांना शांत झोप लागू दे. समुद्र कुठे पळून जातोय?" त्याने ते तुमच्या मायेपोटी केलं. त्याला नशीब म्हटलंत, तर ती मायाही त्याची राहत नाही. तुम्ही चुकलात, बाबा. जीव लावून चुकलात. पुष्कळ रडून झाल्यावर हे लिहिते आहे.

बाळ झालं तेव्हा नर्सने घड्याळ बघून वेळ मोठ्याने सांगितली. मला तेवढं जपानी कळतं. ती वेळ मी कुणालाच सांगणार नाही, तुम्हालाही नाही. तिच्या वाट्याला यायचं ते येईल, पण त्याच्या भीतीने तिला कुणी घर बदलायला लावणार नाही.

दिवाळीला तिला घेऊन येते. पत्रिकेशिवाय मांडीवर घ्याल ना?

अजूनही तुमचीच सून,
यामिनी