वाफेच्या गाडीला भिण्याचं कारण नाही

३ मार्च
आजपासून रोजनिशी. कंपनीचं पत्र आलं. महिनाअखेर एक तरी वाफेची गाडी खपली पाहिजे, नाहीतर एजन्सी बंद. बंद कसली होतेय! गावातले डॉक्टर घेणारच. समोरच्या पेट्रोल-गाड्या विकणाऱ्याकडे इंजिन सुरू करायचं हँडल मारताना गिऱ्हाइकाचं मनगट मोडलं. माझ्या गाडीला हँडलच नाही. बर्नर पेटवा, अर्धा तास थांबा, निघा.

५ मार्च, सकाळी ७
बर्नर पेटवायला बायकोला शिकवलं. बायकांना यंत्राची माहिती हवी, या मताचा मी आहे. ती पेटवते तेव्हा मी फाटकाबाहेरून लक्ष ठेवतो.

८ मार्च
वाफेच्या दाबाचा काटा पाचशेपर्यंत चढायला हवा. दोनशेलाच माझ्या घशाला कोरड. उष्णतेमुळे. सेफ्टी व्हॉल्व्ह ढिला करून टाकला, आता दोनशेलाच वाफ सुटेल. हिने विचारलं, मग चढावर जोर कुठून आणणार? म्हटलं, तू बर्नर बघ.

१२ मार्च
समोर नवी गाडी आली. बटण दाबलं की सुरू. हँडल गेलंच. फॅशन आहे, टिकत नाही.

१५ मार्च
उद्या डॉक्टरांना ट्रायल. जेवण गेलं नाही. निश्चय: सपाट रस्ता सोडायचा नाही.

१६ मार्च, दुपारी
डॉक्टर म्हणाले, दवाखान्याचा चढ चढून दाखवा. नाही कसं म्हणणार? अर्ध्या चढावर गाडी दमली, वाफ किंचाळत सुटली. मी मदत आणायला उतरलो. गाडी मागे घसरत होती, हे मान्य. पाय मुरगळला. बर्नर बघायला मागच्या सीटवर बसवलेल्या हिने वाकून ब्रेक ओढला म्हणे.

१७ मार्च
डॉक्टर पाय बांधायला आले. निरोप गेल्यापासून पाच मिनिटांत, समोरच्याच्या गाडीतून. बांधता बांधता म्हणाले, "गाडी वाईट नव्हती हो. व्हॉल्व्हचं वहिनींनी सांगितलं मला. पण विकणाराच उडी टाकतो, तर घेणाऱ्याने बसून काय करायचं?"
ही दारात उभी होती. हसली नाही. हसली असती तर बरं होतं.

३१ मार्च
एजन्सी बंद. पुढच्या वर्षापासून कंपनी स्वतःच पेट्रोलच्या गाड्या काढणार, असं पत्रात आहे. मला भीती वाटत होती. पहिल्या दिवसापासून. काटा हलला की हातपाय गार पडायचे. लिहून टाकलं एकदाचं.

४ एप्रिल
समोरचा स्वतः घरी आला, नोकरी घेऊन. मी कोट चढवला. अनुभवाची कदर होतेच शेवटी.
नोकरी हिला. गिऱ्हाइकांना गाडी चालवून दाखवायची. चढावरचा ब्रेक सगळ्या बाजाराने पाहिला होता.
उभ्या गाड्या पुसायलाही माणूस हवा आहे, असं जाता जाता म्हणाला. इंजिन बंद असेल ना, एवढंच मी विचारलं.