पाया पडून पकड

चि. प्रीतम यास लामत्याहून तेजराममामाचा पायी नमस्कार. (वयाने मी तुला आशीर्वाद द्यावा, पण आपल्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो आणि आशीर्वाद भाचा देतो. नागपुरात हे तू कोणाला सांगत नसशील.) तुझी तब्येत बरी असावी. तुझ्या आईला सांग, तांदूळ पाठवतो. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे. ठीक काहीही नाही.

मंडळाची कबड्डी स्पर्धा भरवण्याचं काम यंदा माझ्याकडे आलं. आलं म्हणजे बैठकीला मी एकटाच वेळेवर गेलो. मंचावर बसायला सगळे तयार होते, चुन्याच्या रेषा मारायला कोणी नाही. पंचांचं विचारू नकोस. ज्याला नियम कळतात, त्याचा कोणी ना कोणी प्रत्येक संघात असतो. ज्याचं कोणीच नसतं, त्याला नियम कळत नाहीत. बालाघाटहून ठरवलेले पंच ऐन वेळी उकव्याच्या स्पर्धेला गेले (तिथे मटण होतं). शिट्टी माझ्या गळ्यात आली.

अंतिम सामना लामता आणि हट्टा. गुण सारखे, चढाई शेवटची. हट्ट्याचा राकेश चढाईला आला. आपल्या कोपऱ्यात घनश्याम. राकेश हा त्याच्या बहिणीचा, गोदाबाईचा मुलगा. राकेश कबड्डी कबड्डी म्हणत पाय पुढे टाकत होता. घनश्याम वाकला, त्याच्या पावलांना शिवला आणि हात कपाळाला लावले. राकेश सवयीने म्हणाला, “खुश राहा मामा.” दम तुटला. मी शिट्टी वाजवून बाद दिलं. यात माझं काय चुकलं?

हट्ट्याचे लोक मैदानात आले. राकेश रडवेला झाला होता. “मामा पाया पडला त का मुका राहू?” घनश्याम शांतपणे म्हणाला, “मी त पाया पडलो. खेळ चालू होता नं, तू काहून बोलला?” गोदाबाई बायकांच्या बाजूने थेट माझ्यासमोर आली. “आशीर्वाद देल्ल्याची सजा भेटते का जी माह्या पोराले?” एवढ्यात माईकवाल्याने जाहीर केलं, “मामाजी ने चरण छुए, भांजे ने आशीर्वाद दिया, भांजा आउट.” त्यानंतर खुर्च्या उडाल्या. खुर्च्या भाड्याच्या होत्या.

आता दोन्ही गावांत मी पक्षपाती. ज्या माणसाने पहिल्याच सामन्यात स्वतःच्या साळ्याला बाद दिलं (तुझी मामी अजून माझ्याशी बोलत नाही), तो पक्षपाती. मी लामत्याचा आहे हे खरं. पण शिट्टी तोंडात असली की मी कुठलाच नसतो. समितीने निकाल रद्द करून अंतिम सामना येत्या रविवारी पुन्हा ठेवला आहे. असा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून मी रागाच्या भरात एक नियम सुचवला: ज्याचा भाचा समोरच्या संघात आहे, त्याने खेळू नये. हट्ट्याच्या लोकांनी लगेच टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशासाठी हे मला घरी आल्यावर कळलं. आपल्या मुली हट्ट्यात दिलेल्या. तिकडच्या आपल्याकडे नाहीत. म्हणजे मामा सगळे आपल्याच बाजूला. घनश्यामसकट आपला निम्मा संघ बाहेर बसला आहे.

मी पंचगिरी सोडली. स्पर्धेशी माझा संबंध संपला. कोण जिंकतं, कोण हरतं, मला देणंघेणं नाही.

तुझा,
तेजराममामा

ता. क. शनिवारी संध्याकाळपर्यंत ये. येताना खेळायची चड्डी आण. तुझा जन्म आजोळचा, म्हणून तू लामत्याचाच खेळाडू, हे मी समितीकडून मंजूर करून घेतलं आहे. तुला बहीण नाही, तेव्हा तू कोणाचा मामा होऊच शकत नाहीस, हेही लिहून दिलं आहे.

पुन्हा ता. क. हट्ट्याचा कप्तान तुझ्या मोठ्या चुलतबहिणीचा मुलगा लागतो. तो चढाईला आला की ओळख दाखवू नकोस.